सव्वीस वर्षांची वाट, सात मिनिटांचा चित्ता

  

आजचा विषय आफ्रिकेची सफारी. आम्ही दोघं, म्हणजे मी आणि आमचे हे, ऑगस्ट २०२४ मध्ये केनियाला जाऊन आलो. आल्यापासून ओळखीपाळखीचे लोक तीन प्रश्न विचारतात. किती खर्च आला? सिंह दिसला का? आणि तिसरा प्रश्न खास जयपूरकरांचा: दुर्गापुरा स्टेशनावरून सवाई माधोपूरची गाडी पकडली की दोनेक तासांत रणथंबोरच्या वाघाच्या दारात उतरता येतं, मग समुद्र ओलांडून गेलात कशाला? तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण मला खरं बोलायचंय ते वाट पाहण्याबद्दल. खूप वर्षं वाट पाहून केलेला प्रवास वेगळा असतो. त्यात आनंद जास्त असतो, तसा एक धोकाही असतो.

आधी आमची वाट किती लांबली ते सांगते. १९९८ साली टीव्हीवर मसाई माराचा एक माहितीपट पाहता पाहता आम्ही ठरवलं की एकदा इथे जायचं. बँकेत आवर्ती ठेव उघडली आणि घरात तिचं नावच 'आफ्रिका' पडलं. पुढे दुर्गापुऱ्यातला फ्लॅट घेताना आफ्रिका मोडली. मुलीच्या इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला मोडली. सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशनला मोडली. २०२० मध्ये पैसे जमले, तारखा ठरल्या आणि कोरोना आला. यातलं काही रडगाणं म्हणून सांगत नाही. मध्यमवर्गीय घरात ठेवी अशाच मोडायच्या असतात, त्यासाठीच त्या असतात.

पण २०२२ मध्ये यांच्या डोळ्यांच्या तपासणीत काचबिंदू निघाला. काचबिंदूत डोळ्याच्या मागची नस हळूहळू निकामी होते. बहुतेकांची नजर आधी कडेकडेने जाते, मधलं बराच काळ स्वच्छ दिसत राहतं. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली राखायची, एवढंच हातात असतं. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं. आम्ही घरी आलो, चहा झाला आणि हे म्हणाले, "आता आफ्रिका मोडायची नाही." त्या दिवसापासून तयारी सुरू झाली.

आता तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. वाघ शेजारी असताना आफ्रिका कशाला? आम्हाला चित्ता पाहायचा होता.

माझं माहेर कोल्हापूरचं. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवत. त्यांची निगा राखणारी, त्यांना शिकवणारी माणसं पदरी असत. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याला गाडीवर बसवून माळावर न्यायचे, कळप दिसला की टोपी काढायची. या गोष्टी मी आजोबांच्या तोंडून ऐकल्या होत्या. आणि लग्न होऊन आले ते जयपूरला. इथे जुन्या शहरात चीतावालान नावाचा मोहल्ला आहे. जयपूर दरबारचे चित्ते सांभाळणाऱ्यांची ती वस्ती. आज तिथे चित्ता नाही, फक्त नाव उरलंय.

तेव्हाही आफ्रिका होतीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडचे चित्ते इतके कमी झाले, की संस्थानिक ते आफ्रिकेतून मागवू लागले. त्यांत कोल्हापूरही होतं. १९४७च्या सुमारास आताच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले, त्या भारतातल्या शेवटच्या नोंदींपैकी मानल्या जातात. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते कुनोत आणले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. म्हणजे चित्ता हे नाव आपलं, संस्कृतातल्या 'चित्रक'वरून आलेलं, इंग्रजांनीही ते आपल्याकडूनच उचललं. प्राणी मात्र आपण घालवला. तो मोकळ्या माळावर, डोळ्यांवर टोपी नसताना कसा चालतो, हे आम्हाला पाहायचं होतं.

तयारी कुठे केली? घराजवळच. दुर्गापुऱ्याहून मालवीय नगर ओलांडलं की झालानाचं जंगल लागतं. शहराच्या पोटात बिबट्यांचं जंगल, असं भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला येतं. दोन वर्षांत आम्ही झालानाला अकरा वेळा गेलो. बिबट्या दिसला चार वेळा. पण उरलेल्या सात फेऱ्यांत आम्ही जास्त शिकलो. वानरांचा खॉक-खॉक आवाज आला की गाडी थांबवायची. मोर अचानक ओरडला तर कुठून ओरडला ते धरायचं. बोलायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही, शेजारच्याला कोपर मारून "ते बघ, ते बघ" करायचं नाही.

यांच्यासाठी एक वेगळी युक्ती बसवली. कडेची नजर कमी असल्यामुळे त्यांना मान हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवत पाहावं लागतं. मी घड्याळाच्या भाषेत सांगायला लागले. गाडीचं तोंड बारा वाजता. "दहा वाजता, दगडाच्या डावीकडे." एवढं हळू आवाजात सांगितलं की ते बरोबर तिथे मान नेऊन थांबतात. तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी नजर असेल तर हे जरूर करून बघा. रस्ता ओलांडताना, लग्नाच्या पंगतीत, भाजी बाजारातही उपयोगी पडतं.

आता व्यवहाराच्या गोष्टी. त्या आधीच सांगते, नाहीतर राहून जातील.

पहिली, पिवळ्या तापाची लस. केनियाला जाणाऱ्या भारतीयांनी ती निदान दहा दिवस आधी घ्यायची आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवायचं. परत येताना भारतात ते पाहतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते. साठीच्या पुढच्यांनी, आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ती घेऊ नये. मलेरियाच्या गोळ्यांबद्दलही त्याच वेळी विचारा. रोजची औषधं दोघांच्या हातातल्या पिशव्यांत निम्मी-निम्मी ठेवा, चिठ्ठीसकट. आमचे थेंब असेच दोन ठिकाणी होते.

दुसरी, प्लॅस्टिक. आपण मराठी माणसं चिवडा, शेव, थालीपिठाची भाजणी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून निघतो. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, आणि २०२० पासून अभयारण्यांत एकदा वापरून फेकायचं प्लॅस्टिकही चालत नाही. आम्ही चिवडा स्टीलच्या डब्यांत नेला, कापडी पिशव्यांत घातला. काही अडलं नाही.

तिसरी, कपडे. आफ्रिका म्हणजे उकाडा, अशी आपली समजूत. नैरोबी समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरांच्या आसपास, आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच. मारा तर ऑगस्टमध्ये पहाटे चांगलाच गार. स्वेटर आणि कानटोपी हवीच. गडद निळे आणि काळे कपडे टाळा, त्सेत्से माश्या त्या रंगांकडे येतात. छोट्या विमानाने माराला जाणार असाल तर साधारण पंधरा किलोच सामान नेता येतं, तेही मऊ पिशवीत.

चौथी, पैसे. आमचा आकडा सांगून तुमचा फायदा नाही, कारण हॉटेल आणि महिना बदलला की तो दुप्पट नाहीतर निम्मा होतो. पण एक सांगते. मसाई मारात परदेशी प्रौढ माणसाला २०२४ पासून जानेवारी ते जून दिवसाला शंभर डॉलर आणि जुलैपासून वर्षअखेरपर्यंत दोनशे डॉलर प्रवेशशुल्क आहे. नदी ओलांडणारे कळप पाहायचा हट्ट नसेल तर आधीच्या सहा महिन्यांत जा. गर्दीही कमी. माराच्या भोवती मसाई लोकांच्या मालकीच्या जमिनी भाड्याने घेऊन राखलेली जंगलं आहेत, त्यांना तिथे कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. तिथे गाड्यांची संख्या मर्यादित असते आणि भाडं जमीनमालकांना मिळतं. राहणं जरा महाग, पण विचारून बघा.

आणि भाषेची काळजी करू नका. मुंबईहून नैरोबी साधारण सहा तास. उतरल्यावर कानावर स्वाहिली पडते आणि निम्मे शब्द घरचे वाटतात. पैशाला पेसा, गाडीला गारी, दुकानाला दुका, विम्याला बिमा, चहाला चाय, कोशिंबिरीला कचुंबरी. सफारी म्हणजे नुसता प्रवास, आपल्या 'सफर'च्याच घरातला शब्द, दोन्हींचं मूळ अरबी. तिथली चपाती पापुद्र्यांची असते, आपल्या घडीच्या पोळीची मावसबहीण. हे सगळं व्यापाराच्या गलबतांतून आणि मजुरांच्या पाठीवरून गेलंय. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधायला तीस हजारांहून जास्त हिंदी मजूर नेले होते. सुमारे अडीच हजार तिथेच दगावले. २०१७ मध्ये केनियाने आपल्या मूळच्या भारतीय समाजाला देशातली चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली.

आता मारात जाऊ. आकाराने म्हणाल तर मसाई मारा सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर, आपल्या ताडोबाच्या गाभा आणि बफर क्षेत्राच्या बेरजेपेक्षा थोडं लहानच. पण त्याला लागून टांझानियात सेरेंगेटी आहे, जवळजवळ पंधरा हजार चौरस किलोमीटर. मध्ये कुंपण नाही. पाऊस आणि कोवळं गवत यांच्या मागे तेरा-चौदा लाख वाइल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखोंनी झेब्रे, हरणं वर्षभर या दोन्ही देशांत गोल फिरत राहतात. फेब्रुवारीच्या सुमारास दक्षिणेकडे पिल्लं होतात, जुलै-ऑगस्टमध्ये कळप मारा नदीवर येतात.

झालानात आम्ही कानांनी जंगल वाचायला शिकलो होतो. मारात डोळ्यांनी वाचावं लागतं. सगळं उघडं. कमरेएवढं गवत, मध्येच एखादं बाभळीच्या कुळातलं झाड, आणि चारी बाजूंना क्षितिज. मला वाटलं होतं यांना त्रास होईल. झालं उलट. मधली नजर शाबूत, मैदान मोकळं, आणि कडेला मी. "तीन वाजता, सावलीत, सिंहीण." "आठ वाजता, लांब, जिराफ." पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात त्यांना कमी दिसायचं, तेव्हा मी जास्त बोलायची. सकाळी आठ ते दहा हा त्यांचा राजेशाही वेळ. तेव्हा मी गप्प.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, सिंह दिसला. चौदा दिसले. हत्ती, म्हशी, तरस, पाणघोडे सगळे दिसले.

तिसऱ्या दिवशी नदीवर गेलो. पलीकडच्या काठावर हजारो वाइल्डबीस्ट जमले होते. आम्ही तीन तास थांबलो. कळप पाण्यापर्यंत यायचा, पुढचे थबकायचे, मागचे रेटायचे, आणि मग काहीतरी होऊन सगळे परत फिरायचे. असं चार वेळा झालं आणि शेवटी कळप टेकडीआड निघून गेला. शेजारच्या गाडीतले एक गृहस्थ चालकावर चिडले. म्हणाले, इतके पैसे भरलेत, इतकी वर्षं वाट पाहिली, आणि हे काय? चालक बिचारा काय बोलणार? कळपाला कोणी पैसे दिले नव्हते.

तो राग मला नीट ओळखता आला, कारण तो माझ्या आतही होता, फक्त गप्प बसला होता. वाट पाहण्यातला धोका मी सुरुवातीला म्हटलं तो हाच. वर्षं साठत जातात तसा मनात एक हिशेब साठत जातो. एवढं सोसलं, एवढं साठवलं, म्हणजे आता समोरच्याने काहीतरी देणं लागतं, असं वाटायला लागतं. समोर नदी असो, जनावर असो की सोबतचा माणूस असो.

चौथ्या दिवशी सकाळी साडेआठला चालकाने गाडी सावकाश थांबवली आणि म्हणाला, "डूमा." स्वाहिलीत डूमा म्हणजे चित्ता.

एका वारुळावर मादी बसली होती. खाली गवतात दोन पिल्लं, मानेवर करड्या केसांची झूल घातल्यासारखी. मी "अकरा वाजता" म्हणेपर्यंत यांची मान तिकडे गेलेलीसुद्धा होती. तिच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेल्या काळ्या रेघा मला दुर्बिणीशिवाय दिसत होत्या. दूरवर लहान हरणांचा कळप चरत होता आणि तिचं सगळं लक्ष तिथे होतं.

आमची गाडी तिसरी. मग पाच झाल्या. मग आठ. एका जनावराजवळ पाचहून जास्त गाड्या नकोत असा तिथला नियम आहे, पण वायरलेसवर बातमी फुटली की नियम मागे राहतो. चित्ता दिवसा शिकार करतो, कारण रात्र सिंहांची आणि तरसांची. त्याला लांबवर मोकळं दिसावं लागतं, आणि त्याची धाव काहीशे मीटरांची. चुकली तर दमून बसावं लागतं. ती वारुळावरून उतरली, चार पावलं चालली, तर समोर गाडी. वळली, दुसरीकडून निघाली, तिथेही गाडी आडवी आली. ती परत येऊन बसली.

हे म्हणाले, "चल, निघू या."

मी म्हटलं, "अहो, अजून पाच मिनिटं."

ते म्हणाले, "तिला जेवायचंय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ज्या माणसाची नजर रोज थोडी थोडी कमी होतेय, तो हे म्हणत होता. मी चालकाला सांगितलं, गाडी काढ. त्याला वाटलं आमची काही तक्रार आहे. त्याला समजावलं, तेव्हा तो हसला आणि गाडी मागे घेतली. आमच्यामागे आणखी एक गाडी निघाली. पुढे त्या मादीला शिकार मिळाली की नाही, आम्हाला माहीत नाही. घड्याळ मी पाहिलं होतं. सात मिनिटं.

परत आल्यावर माराबद्दलचाच एक अभ्यास वाचनात आला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. जिथे पर्यटकांची वर्दळ फार, तिथल्या चित्ता मादीचं सरासरी एक पिल्लूसुद्धा जगून मोठं होत नाही. जिथे वर्दळ कमी, तिथे दोनांहून जास्त मोठी होतात. वाचून मी वही मिटली आणि यांना ते मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे आपण एक गाडी कमी केली." एवढंच.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात चित्ता दोरीने आणि शिकारीने संपला. केनियात तर १९७७ पासून शिकार बंद आहे. आता बंदूक नाही, दोरी नाही, नुसती नजर आहे, आणि नजरेनेही जनावर उपाशी राहू शकतं. जो चित्ता आपण घालवला तो पाहायला लांब जायचं, आणि तिथे आपल्या पाहण्यामुळे तो कमी व्हायचा, हे काही बरोबर नाही.

म्हणून जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं. पहिल्याच दिवशी, गाडीत बसतानाच, चालकाला सांगा: पाचपेक्षा जास्त गाड्या असतील तिथे आम्हाला नेऊ नकोस, आणि जनावराची वाट अडवू नकोस, त्यासाठी तुझी बक्षिशी कमी होणार नाही. हे शेवटचं वाक्य जरूर म्हणा. त्याचा संसार बक्षिशीवर चालतो, आणि प्रवासी चिडतील या भीतीने तो गाडी पुढे घालतो. तुम्ही आधी सांगितलंत की त्याच्याही डोक्यावरचं ओझं उतरतं. ताडोबा, पेंच, रणथंबोर, झालाना, कुठेही जा, हे लागू आहे.

आणि जे अजून गेले नाहीत, ज्यांच्या घरात अशी एखादी 'आफ्रिका' नावाची ठेव आहे, त्यांच्यासाठी. ठेव मोडावी लागली तर मोडा, पण वाट पाहत नुसतं बसू नका. गावाजवळचं माळरान, तलाव, जे असेल तिथे दोघांनी मिळून जा. न बोलता तासभर बसायला शिका. सोबतच्या माणसाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे ओळखायला शिका. मग आफ्रिका पाच वर्षांनी आली काय, पंधरा वर्षांनी आली काय, तिच्याकडून वसुली करायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

आमच्या यांचा डोळ्यांचा दाब सध्या आटोक्यात आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी. आणि येत्या रविवारी सकाळी झालाना, बारावी फेरी. कोणी जयपूरला येणार असाल तर पहाटेची फेरी घ्या, कानटोपी विसरू नका, आणि वानर ओरडलं की बोलणं थांबवा.